एक्केचाळीस मुक्या तारा

इमारतीत त्याला सगळे तारवाले म्हणायचे. हुद्द्यात ‘नेटवर्क’ असा शब्द होता, पण तो उच्चारत बसायला वेळ कुणाला? खांद्यावर निळ्या तारेचं वेटोळं, कमरेला चिमटा आणि चेहऱ्यावर ‘माझ्याशिवाय तुमचं पान हलत नाही’ असा भाव, एवढं दिसलं की लोक म्हणायचे, आले तारवाले. अठरा वर्षं हेच चाललं होतं.

त्याची बायको त्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत. तिच्या ताब्यात उणे ऐंशी अंशांचे चार फ्रीझर, फ्रीझरमध्ये बोटाएवढ्या हजारो नळ्या आणि नळ्यांमध्ये आजारी मुलांच्या रक्ताचे अकरा वर्षांचे नमुने. त्यातली काही मुलं आता या जगात नव्हती, त्यांचं रक्त पुन्हा कुठून मिळणार? तिला सगळे थंडीवाल्या बाई म्हणायचे. रोज सकाळ-संध्याकाळ ती चारही दारांवरचे आकडे बघून कागदावर सही करायची. सुट्टीच्या दिवशी हे काम एक डबी करायची. भिंतीला ठोकलेली, साबणाच्या वडीएवढी डबी. फ्रीझर तापायला लागला की ती तारेवरून बाईंच्या फोनवर संदेश धाडायची. फोन वाजला की बाई हातातलं काम टाकून धावत सुटायच्या, मग घरी पाहुणे असोत की कुणाचं लग्न असो. सासू म्हणायची, सूनबाईचा पहिला संसार तिकडे आहे, उरलेला आमच्या वाट्याला.

तर गंमत अशी झाली, गंमत कसली म्हणा, की इमारतीला नवे साहेब आले. या साहेबांना यादीचं भारी वेड. त्यांनी आल्या आल्या तारवाल्याला बोलावलं आणि विचारलं, “आपल्या नेटवर्कवर एकूण किती यंत्रं आहेत?”

“असतील पाचशेच्या वर.”

“‘असतील’ म्हणजे काय? तुम्ही घरी जेवायला बसता तेव्हा बायकोला ‘पाचेक पोळ्या असतील’ म्हणता का?”

खरं तर तो तसंच म्हणायचा. साहेबांनी फर्मान काढलं. शुक्रवारपर्यंत प्रत्येक यंत्राची यादी हवी. जे यादीत नाही ते तोडायचं. बेवारशी तार म्हणजे चोराला दार.

दुसरा कुणी असता तर शिडी घेऊन खोलीखोलीत फिरला असता. पण तारवाला पडला हुशार. त्याने टेबलाशी बसून पंधरा ओळींची एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने पाळायचे हुकूम, लिहिली. काम अगदी साधं. तीन मजल्यांचे तीन गट, प्रत्येक गटात यंत्रांचे एक ते दोनशे चोपन्न असे पत्ते. स्क्रिप्टने एकेका पत्त्याला हाक मारायची, सेकंदभर थांबायचं. ओ आली तर यादीत नाव, नाही आली तर पुढचा पत्ता. शाळेत बाई हजेरी घेतात ना, तसं. तेरा मिनिटांच्या आत सगळी इमारत फिरून व्हायची. तीन दिवस सकाळ-दुपार त्याने ती चालवली, म्हणजे एखादं यंत्र एका वेळी बंद असलं तरी दुसऱ्या वेळी सापडावं. एवढी काळजी मात्र घेतली, ते नाकारून चालणार नाही.

पाचशे सहा यंत्रांनी ओ दिली. साहेबांनी यादी बघितली आणि उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. अठरा वर्षांत त्याच्या पाठीवर कुणी थाप मारली नव्हती. पठ्ठ्याचे पाय जमिनीवर ठरेनात. घरी येऊन त्याने आईला आणि बायकोला जेवताना सगळं सांगितलं, पंधरा ओळी अगदी बोटांवर मोजून सांगितल्या. आई म्हणाली, “मला मेलीला काय कळतंय, पण छान झालं.” बायको हसली आणि म्हणाली, “आणि ज्यांनी ओ दिली नाही, ते?”

“ते नाहीतच. नुसत्या तारा लोंबतायत. एक्केचाळीस आहेत. उद्या काढून टाकतो.”

“चिठ्ठ्या नाही लावणार?”

हा चिठ्ठ्यांचा रिवाज त्याचाच. कुठलीही तार काढण्याआधी तिला लाल दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. ‘ही तार कुणाची? आठ दिवसांत कळवा.’ आठ दिवस वाट बघायची आणि मगच हात लावायचा. हाताखाली येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्याने हे कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. पण आठ दिवस थांबलं तर शुक्रवार जाणार, आणि शुक्रवार गेला तर पाठीवरची थाप जाणार.

“स्क्रिप्ट आहे ना आता,” तो म्हणाला. “चिठ्ठ्या लावायच्या त्या अंदाजाने काम करणाऱ्यांनी.”

शुक्रवारी दुपारी त्याने तारांची खोली उघडली. कपाटाएवढं यंत्र, त्यात शेकडो भोकं, प्रत्येक भोकात एक तार आणि तारेच्या डोक्याशी इवलासा दिवा. कुठली तार कुठल्या पत्त्याची, याची जुनी वही त्याच्याकडे होती. वही बघायची, तार ओढायची, पुढे जायचं. एका तारेपुढे वहीत एवढंच होतं, ‘तळमजला, मागची भिंत’. तिचा दिवा लुकलुकत होता. त्याने तो बघितला. या कामात मुरलेल्या माणसाला लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ सांगावा लागत नाही, दुसऱ्या टोकाला कुणीतरी जागं आहे. त्या कपाटालाच विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं, कुठल्या भोकावर कोण बसलंय ते. पण त्याची उत्तरं एकेक करून वाचत बसायला अर्धा दिवस गेला असता. आणि स्क्रिप्टने सहा वेळा हाक मारून उत्तर नव्हतं. सहा वेळा! तो स्वतःशीच म्हणाला, असेल एखादं जुनं खोकं लुकलुकत, आणि तार ओढली.

आता तुम्ही ओळखलंच असेल. ती डबी. बनवणाऱ्यांनी ती बनवलीच अशी होती की कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. बाहेरच्या कुणी तिला छेडू नये म्हणून. तिने बोलायचं ते फक्त फ्रीझर तापला तर. आणि तो गेल्या वर्षभरात एकदाही तापला नव्हता.

तापला तो रविवारी. दुपारी बाराच्या सुमाराला तिसऱ्या फ्रीझरचं इंजिन बसलं. बंद खोलीत डबी बोंबलत राहिली, तार तुटलेली, ऐकणार कोण? त्या वेळी बाई घरी सासूच्या केसांना तेल लावत होत्या, आणि फोन शेजारी होता, उताणा, आवाज मोठा केलेला.

सोमवारी सकाळी तिने दार उघडलं तेव्हा फरशीवर पाणी होतं.

तारवाल्याला ही बातमी साडेदहाला कँटीनमध्ये कळली. कुणीतरी म्हणालं, “तुमच्या मंडळींचा फ्रीझर गेला म्हणे, डॉक्टरीणबाई रडतायत.” डॉक्टरीणबाई म्हणजे त्या नमुन्यांच्या मालकीण. अकरा वर्षं त्यांनी मुलांच्या आईबापांना हात जोडून एकेक नळी जमवली होती. तारवाल्याने हातातला कप ठेवला. त्याला लगेच ती ओळ आठवली, तळमजला, मागची भिंत. पाचावर धारण बसली बिचाऱ्याची. बिचारा म्हणायची सवय, दुसरं काय!

तो खाली प्रयोगशाळेत गेला. बायको गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. दुसरं कुणी ते करेना म्हणून नाही, तिला स्वस्थ बसवेना म्हणून.

“संदेश आला नाही हो,” ती म्हणाली. “फोन दिवसभर जवळ होता. आईंना विचारा. एकसुद्धा आला नाही.”

तिथे त्याने सांगायला हवं होतं. तोंड उघडून एक वाक्य, ‘तार मी काढली’. त्याऐवजी तो अंग चोरून उभा राहिला आणि म्हणाला, “बघतो मी.”

काय बघितलं त्याने? दुपारी तीनला, सगळे आपापल्या टेबलांशी असताना, तो तारांच्या खोलीत शिरला आणि ती तार परत होती त्याच भोकात खोचली. दिवा लुकलुकला. चौकशीला कुणी आलं तर सगळं जिथल्या तिथे दिसावं, एवढाच हेतू. काढलेल्या तारांच्या यादीतली ती ओळही त्याने खोडली. एक्केचाळीसच्या चाळीस झाल्या. मग सरबत पिऊन तो जागेवर जाऊन बसला, आणि आश्चर्य म्हणजे त्याला थोडं बरं वाटलं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. घरी बायको नेहमीसारखी वावरत होती, जरा जास्तच नेहमीसारखी. चहा करून त्याच्यापुढे ठेवायची आणि समोर बसायची. उठायची नाही. त्याला वाटायचं, हिला काहीतरी बोलायचंय, पण ती बोलायची नाही, आणि तो पेपरमधून डोकं वर काढायचा नाही. बुधवारी संध्याकाळी तिने विचारलं, “उद्या तुम्हालाही बोलावलंय ना, जाणकार म्हणून?”

“हो.”

“मग नीट सांगा सगळं.”

“सांगतो गं,” तो म्हणाला. “घाबरू नकोस. मी आहे ना.”

गुरुवारी अकराला चौकशी. खोलीत नवे साहेब, डॉक्टरीणबाई, लिहून घेणारा कारकून, एका बाजूला बाई आणि दुसऱ्या बाजूला तारवाला. साहेबांनी फाईल उघडली. डबी तपासली, चालू आहे. तार तपासली, चालू आहे. राहता राहिला फोन.

“फोन दाखवा,” साहेब म्हणाले.

बाईंनी फोन टेबलावर सरकवला. साहेबांनी बघितलं, कारकुनाला दाखवलं, डॉक्टरीणबाईंकडे सरकवला. मग साहेबांनी वाचून दाखवलं. “फ्रीझर तीन, उणे सत्तर, रविवार, बारा वाजून वीस. फ्रीझर तीन, उणे साठ, रविवार, एक वाजून दहा. असे अकरा संदेश आहेत बाई. तुम्ही म्हणता एकही आला नाही.”

तारवाल्याच्या एकट्याच्याच ध्यानात आलं, काय झालं होतं ते. डबीला स्मरणशक्ती होती. तार नसताना तिने अकराही संदेश पोटात जपून ठेवले होते, आणि सोमवारी दुपारी तीनला त्याने तार खोचताच सगळे एकदम ओकले होते. प्रत्येकावर वेळ मात्र डबीचीच, रविवारची, आणि फोन तीच दाखवत होता. बायकोच्या गळ्यातला फास त्यानेच आपल्या हाताने आवळला होता.

“हे संदेश मला सोमवारी दुपारी तीनला आले,” बाई म्हणाल्या. आवाज शांत होता. “पुन्हा फरशी पुसत असताना. एकापाठोपाठ एक, अकरा. त्यांच्यावर रविवारची वेळ का आहे, ते मला सांगता येणार नाही. इथे जाणकार बसलेत. त्यांना विचारा, असं होऊ शकतं का.”

साहेब तारवाल्याकडे वळले. “काय हो? रविवारचा संदेश सोमवारी येऊ शकतो?”

खोलीतलं घड्याळ, पंखा, कारकुनाचं पेन, सगळं त्याला ऐकू येत होतं. बायको त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, धाकही नव्हता. आपलं माणूस गाडीतून उतरताना आपण फलाटावरून बघतो, तशी ती बघत होती.

‘हो’ म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, केव्हा येऊ शकतो? मध्ये तार तुटली असेल तर. मग तार कुणी तोडली? आणि सोमवारी तीनला कुणी जोडली? पुढे पुढे जाणारी ती सगळी रांग त्याला दिसली आणि रांगेच्या शेवटी तो स्वतः दिसला, पाठीवरच्या थापेसकट. दोघांचीही नोकरी गेली तर घर कसं चालणार, आईचं काय, निदान एक तरी टिकली पाहिजे, असं सगळं त्याने त्या दोन क्षणांत मनात मांडून घेतलं. भ्याड माणसाचं डोकं अशा वेळी फार झपाट्याने चालतं.

“सहसा होत नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे... वेळ तर रविवारचीच दिसतेय.”

एक शब्द खोटा नव्हता बघा त्यात. सहसा होत नाही, हे खरं. वेळ रविवारची, हेही खरं. असलं खरं बोलण्यापेक्षा शंभर वेळा खोटं बोललेलं परवडलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “बाई,” त्या म्हणाल्या, “अकरा वर्षं मी रविवारी निवांत झोपले ती तुमच्या भरवशावर. चूक झाली असती तर मी समजून घेतलं असतं. पण वर खोटं बोलावं तुम्ही?”

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग पुन्हा नवऱ्याकडे. तारवाला टेबलावरच्या काचेकडे बघत होता.

“आणखी काही सांगायचंय तुम्हाला?” साहेबांनी विचारलं.

“मला नाही,” बाई म्हणाल्या.

कारकुनाने कागद पुढे केला. संदेश मिळूनही दुर्लक्ष, चौकशीत दिशाभूल, आजपासून कामावरून कमी. तिने वाचून सही केली. रोज चार दारांच्या आकड्यांखाली करायची तशीच, स्वच्छ, पूर्ण नावाची. मग गळ्यातली किल्ली काढून डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली आणि म्हणाली, “चौथ्याचं रबर सैल झालंय. दार लावल्यावर एकदा दाबून बघायला सांगा.” डॉक्टरीणबाईंनी मान फिरवली.

तारवाला तिच्यामागे जिन्यापर्यंत धावला. “अगं ऐक. माझाही नाइलाज होता. तू समजून घे.”

ती थांबली. “सोमवारी दुपारी संदेश आले तेव्हा मला काही कळेना. तुम्हाला विचारावं म्हणून वर आले. तुम्ही तारांच्या खोलीतून बाहेर येत होतात. इकडेतिकडे बघून कुलूप लावलंत. मी खांबाआड होते.”

ती तशीच पुढे बोलत राहिली.

“मग मंगळवारी चहा केला, बुधवारी केला, आज सकाळी केला. दर वेळी वाटलं, आता सांगतील.”

“पण मग तू... तू आत का नाही बोललीस? माझं नाव का नाही घेतलंस?”

“मी नाव घेऊन तुम्हाला खरं बोलायला लावायचं, आणि मग त्याच माणसाबरोबर घरी जायचं?” तिने पदर सावरला. “आणि तुमचं नाव विचारलंच कुणी होतं? असं होऊ शकतं का, एवढंच विचारलं. पुढचं पुढे बघितलं असतं आपण, दोघांनी मिळून. तुम्ही मला एकटीला ढकललंत हो.” आणि ती जिना उतरून गेली.

त्या दिवशी साहेबांनी त्याला शेजारच्या इमारतीचीही यादी करायला सांगितली. त्याने स्क्रिप्टमधले आकडे बदलले आणि चालवली. नव्या इमारतीतली यंत्रं भराभर ओ द्यायला लागली. साहेब म्हणाले, “तुमच्या घरचं प्रकरण असूनही तुम्ही निःपक्षपातीपणे बोललात, मी हे वरिष्ठांना कळवणार आहे.” तारवाला म्हणाला, “आभारी आहे.”

घरी पोचला तेव्हा आईची तोफ सुरू होती. बायकोने तिला काय सांगितलं होतं कोण जाणे, पण नवऱ्याचं नाव त्यात नव्हतं, हे आईच्या तोंडावरूनच दिसत होतं. बायको खाली मान घालून ताटं मांडत होती.

“एवढी जबाबदारीची नोकरी,” आई म्हणत होती, “आणि साधा फोन बघता आला नाही तुला? माझ्या केसांना तेल नसतं लावलं तर काय बिघडलं असतं? लोकांच्या लेकरांचं रक्त गं ते! लोक आता आमच्या तोंडात शेण घालतील.”

“आई, पुरे,” तो म्हणाला.

“पुरे काय? तुझी तरी शाबूत आहे म्हणून, नाहीतर बसलो असतो दोन्ही हात डोक्याला लावून.” मग तिला काहीतरी आठवलं. “आणि तू होतास ना तिथे? जाणकार म्हणून बोलावलं होतं ना तुला? चार शब्द सांगायचे होतेस की हिच्यासाठी. तुझं ऐकतात म्हणे सगळे.”

तो ताटावर बसला होता. हात घासापाशी थांबला. काही बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण बायकोच आधी बोलली.

“सांगितलं ना यांनी,” ती त्याच्या ताटात भाजी वाढत म्हणाली. “आणि त्यांनी यांचंच ऐकलं, आई.”